लादिनीचा हेतू

चणे अजून कच्चे होते. फेलिसिदादने चुलीतलं लाकूड पुढे सारलं, टोपावर झाकण ठेवलं आणि मुलीकडे न बघता सांगून टाकलं, "मॅडमांका बोलवलंय मी. लादिनीक."

खोबऱ्याचे काप करणारा ॲश्लिनचा हात थांबला. मॅडम म्हणजे डॉक्टर शर्मिष्ठा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षक. रजेवर घरी आल्यापासून ॲश्लिन त्यांच्याकडे एकाच औषधासाठी खेटे घालत होती आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन परतत होती. पण ते रुग्णालयात. लादिनीच्या दिवशी, अख्ख्या वाडीसमोर त्यांना बोलावणं ही वेगळी गोष्ट होती.

"कित्याक गो मम्मी?"

"तू त्यांका आकडे सांगलंस. आज मी सांगतंय."

मे महिन्यात वाडीतलं एकेक घर पाळीने खुरसासमोर, म्हणजे वाडीच्या क्रुसासमोर, लादीन करत असे, मारियामातेची सामूहिक प्रार्थना. मुंबई-गोव्याची माणसं घरी आलेली असतात, आवाज भरपूर जमतात, मेणबत्त्या वाऱ्यावर विझत नाहीत. आज पाळी त्यांची, ब्रिटोंची होती. संध्याकाळी प्रार्थना, मग उकडलेले चणे, खोबरं आणि ज्याला हवं त्याला पेलाभर फेणी. यात डॉक्टरांचं काही काम नसतं.

ॲश्लिनने औषधशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं होतं आणि गोव्यातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती गोळ्यांची गुणवत्ता तपासायची. तिला जे औषध हवं होतं त्याचं नाव नॅलोक्सोन. हेरॉइनसारखा अमली पदार्थ मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतो, तिथून हे औषध त्याला उठवतं आणि थांबत चाललेला श्वास पुन्हा सुरू होतो. औषध जुनं, बनवायला सोपं. तरी रुग्णालयात नव्हतं.

का नव्हतं, हे तिने चिकाटीने शोधून काढलं होतं. सरकार वर्षातून एकदा सगळ्या जिल्ह्यांच्या मागण्या एकत्र करून औषधं घाऊक विकत घेतं. ज्याची मागणी मोठी, त्याचा भाव उतरतो. नॅलोक्सोनची मागणी इतकी थोडी यायची की एकही कंपनी निविदा भरत नसे. मग लागलंच तर रुग्णालयाने बाजारातून सुटं आणायचं, तेही कोल्हापूरहून, कितीतरी जास्त दराने. महाग म्हणून आणून ठेवत नाहीत. ठेवलेलं नसतं म्हणून वापरलं जात नाही. वापरलं नाही म्हणून पुढच्या वर्षी मागणी शून्य. हे वर्तुळ तिने मॅडमना समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की वर्तुळ त्यांनाही दिसतं. पण वरून एकच प्रश्न येतो, तुमच्या तालुक्यात असे रुग्ण आहेत कुठे? आणि नोंदीत एकही नव्हता. येत्या सोमवारी या वर्षाची मागणी जाणार होती.

ॲल्स्टन नोंदीत नव्हता. फेलिसिदादचा थोरला, ॲश्लिनचा भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला तो हार्टने, असं पाद्रीबाबांपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. डेथ सर्टिफिकेटवरही तेच.

"कॉनरॅडाक विचारलंस?" ॲश्लिनने विचारलं.

"आता विचारतंय," असं म्हणून फेलिसिदाद पदराला हात पुसत मागल्या दाराने बाहेर पडली.

*

फेलिसिदादचा दुसरा मुलगा कॉनरॅड खुरसावर दिव्यांची माळ चढवत होता. शिडी त्याने नीट टेकवली नव्हती. आईला येताना बघून तो खाली उतरला, कारण वर असता तर तिने शिडीवरून सुरुवात केली असती.

गोव्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो घरी आला त्याला महिना उलटून गेला होता. या काळात त्याला एक गोष्ट कळली होती, की घरात कोणी त्याला एकटं सोडत नाही. न्हाणीत जास्त वेळ लागला तर कोणीतरी दाराशी येऊन साबण हवाय का विचारतं. आपल्या शरीराची सवय मोडली आहे आणि आता पूर्वीइतकंच घेतलं तरी ते जीव घेईल, हे केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ॲश्लिनने तेच आईला सांगितलं होतं. म्हणजे तो जितका सुधारत होता तितकी आई जास्त घाबरत होती, आणि त्यावर दोघांनाही काही करता येत नव्हतं.

फेलिसिदादने काय करणार ते थोडक्यात सांगितलं. त्याने माळेतला एक दिवा घट्ट केला.

"माझां नाव घेव नको."

"तुझां कित्याक घेव? मी ॲल्स्टनाचां घेतलंय."

"लोक माझ्याकडेच बघतले."

"बघूंदेत. आता काय, आंधळे आसत?"

त्याला हसू आलं आणि त्याचा रागही आला. हो म्हणायचं नव्हतं, नाही म्हणायचं कारण सापडत नव्हतं. त्याने शिडी उचलून दुसऱ्या बाजूला लावली. फेलिसिदादने तेवढं उत्तर धरलं आणि आत गेली.

*

कॉन्स्टान्सियोला हे कळलं ते त्याच्या मुलीकडून, रोशेलकडून. ती चणे ढवळायला काकूच्या स्वयंपाकघरात गेली होती आणि परत येऊन बापाला म्हणाली होती की तू एकदा जाऊन बघ.

तो फेलिसिदादच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. भाऊ गेल्यावर दोन्ही घरांचा कर्ता तोच. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, चर्चच्या कमिटीवर, आणि येत्या डिसेंबरात रोशेलच्या लग्नाचा यजमान. व्याही म्हापशाकडचे. होणारी सासू आज लादिनीला यायची होती, गाडी सावंतवाडी सोडून पुढे आली असा फोन होऊन गेला होता. चण्याच्या वाफेने भरलेल्या स्वयंपाकघरात शिरताना त्याच्या डोक्यात तीच गाडी होती.

तो ओरडला नाही. त्याने स्टूल ओढलं, बसला, आणि भावजय काय ठरवून बसली आहे ते तिच्याच तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ह्या वरसा नको. चेडवाचां लगीन जांव दे. फुडल्या मेयात सांग, मी तुझ्या बाजूक उभो रवतंय."

"फुडल्या मेयापर्यंत कॉनरॅड रवतलो, असां लिवन देतास, भावजी?"

कॉन्स्टान्सियोने ओसरीकडे पाहिलं. ॲल्स्टनचा विषय या घरात निघाला की त्याच्या डोळ्यांपुढे ओसरीवरचं बाकडं यायचं. त्या दुपारी ॲल्स्टनला त्याचा कोणी मित्र मोटरसायकलवरून आणून सोडून गेला होता. पोरगा बाकड्यावर आडवा झाला आणि मोठमोठ्याने घोरायला लागला. या वाडीने दारू प्यायलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत आणि त्यांचं काय करायचं हे सगळ्यांना पाठ आहे. तोंड भिंतीकडे वळवायचं, उशाशी कोकमाचं पाणी ठेवायचं. घोरतो आहे तोवर काळजी नाही. कॉन्स्टान्सियोनेच ते पाणी ठेवायला सांगितलं होतं. घोरणं थांबलं तेव्हा आतल्या बायकांना वाटलं, आता बिचाऱ्याला नीट झोप लागली.

अशा माणसाचं घोरणं म्हणजे श्वास कोंडत असल्याची खूण असते, हे ॲश्लिनने पुढे कधीतरी सांगितलं. कोणाला उद्देशून नाही, पानात वाढलेली भाजी चिवडत. तेव्हापासून तो त्या बाकड्यावर बसत नव्हता.

"पन एका घरान सांगून सरकार औषध घेतलां?" तो ॲश्लिनकडे वळला. "तू शिकलेली. तूच सांग."

ॲश्लिन एरवी नीट, क्रमाने समजावत असे. आत्ता तिने तसं केलं नाही. सोसायटी बर्फ कसा घेते, एवढंच विचारलं.

"वांगडान. सगळ्या होडयेंचो एकदम."

"आणि आधी?"

आधी जो तो आपापला आणायचा, हे त्याने सांगायची गरज नव्हती. कारखानदार एका होडीवाल्याला दारात उभं करत नसे. मागेल तो भाव द्यावा लागे, नाहीतर बांगडा कुजायचा. सगळ्या होड्या एका नावावर आणण्यासाठी कॉन्स्टान्सियो तेव्हा दारोदार फिरला होता. मला लागत नाही, असं म्हणणारे सगळ्यात जास्त भेटले होते.

"तियू, आमी आता एका होडयेचो बर्फ मागतंव," ॲश्लिन म्हणाली. मोठ्या काकांना ती लहानपणापासून तियू म्हणायची. "आणि बाकीचे सगळे सांगतत, आमका लागणा नाय."

तो हनुवटी चोळत राहिला. मुद्दा त्याला पटला, आणि पटला याचाच त्रास झाला, कारण म्हापशाची गाडी अजून रस्त्यावरच होती. आता त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती, ती त्याने काढली. रोशेलच्या सासरी काय सांगायचं?

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली रोशेल म्हणाली, "माका विचारलंस, पापा?"

"तुका काय विचारूचां?"

"मी त्याका पयल्याच भेटीत सांगलंय. त्येनी घरी सांगलां. सासू माझी सगळां जाणून येता हा. तिका ठावक नाय ता एकच, तुमी अजून लपवतास."

फेलिसिदादने चण्यांत मीठ टाकलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. कॉन्स्टान्सियो स्टुलावरून उठला आणि ओसरीवर गेला. त्याचा होकार होता की नकार, ते तिघींनाही समजलं नाही.

*

सूर्य समुद्रात उतरायला आला तशी माणसं जमली. खुरसाला पांढरा रंग दिलेला होता. शेजारच्या सुगंधाने दरवर्षीप्रमाणे अबोलीचे वळेसर आणून घातले. ती काही किरिस्तांव नव्हती, पण त्या खुरसाला आधी फुलं कोण घालणार यावर तिचं कोणाशी जमत नसे. म्हापशाची सासू पुढच्या खुर्चीत बसली. डॉक्टर शर्मिष्ठा थोड्या मागे उभ्या राहिल्या. त्यांना वाडीतल्या बहुतेकांनी फक्त टेबलापलीकडे पाहिलेलं असल्यामुळे पुरुषांनी आपसूक हातातल्या विड्या टाकल्या.

लादीन सुरू होण्याआधी यजमान घराने हेतू सांगायचा असतो. ही प्रार्थना कशासाठी, कोणासाठी. कोणी बोटीवर गेलेल्या मुलासाठी सांगतं, कोणी नवसासाठी. दोन वर्षं फेलिसिदादने ॲल्स्टनच्या आत्म्याला शांती एवढंच सांगितलं होतं आणि खाली बसली होती.

आज ती खुरसाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. पण बाजारात मासळी विकलेल्या बाईचा आवाज न चढवताही पोचतो.

"ॲल्स्टन हार्टान गेलो नाय. तो ब्राऊन शुगर घेय होतो. त्या दिसा त्याचो श्वास बंद पडलो, आणि आमी समजलंव तो झोपलो. बंद पडलेल्या श्वासार औषध आसा. आमच्या हॉस्पिटलात नाय. मॅडमांनी मागलां तर वयसून विचारतत, तुमचो पेशंट खंय? हो माझो झील. मेलो म्हणान काय झालां, पेशंटच होतो. त्याचां नाव घाला. ता औषध हय येवक होयां, आणि सगळ्यांका परवडूक होयां. ही लादीन त्याच्यासाठी."

व्हायोलिनवाल्याने हनुवटीखाली धरलेलं वाद्य खाली घेतलं. कोणीतरी खोकलं. कॉनरॅड शिडीच्या बाजूला उभा होता, आणि तो म्हणाला होता तेच झालं, माना त्याच्याकडे वळल्या. पळून जायचं त्याच्या मनात आलं. पण आई पुढे एकटी उभी होती, आणि कोणीतरी काहीतरी बोलेपर्यंत ती तशीच उभी राहणार हे त्याला माहीत होतं.

सुगंधा बोलली. ती आपल्या जागेवरून हललीही नाही.

"आमच्या धनेशाचां तसांच झालां."

धनेश तिचा दीर, ट्रॉलरवर जायचा. त्याचा ॲटॅक वाडीने गेल्या गणपतीत ऐकला होता.

"तोंडार निळां इल्लां," ती म्हणाली. "आमीय ॲटॅक म्हणान सांगलंव. फेलीसारख्यांच." आणि डॉक्टरांकडे वळून, रुग्णालयात बोलतात तसं जपून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, "मॅडम, त्याचं पण नाव घालता येईल का?"

डॉक्टर म्हणाल्या, घालता येईल. त्यासाठी घरच्यांनी येऊन झालं ते सांगायला हवं.

"येतलंय," सुगंधा म्हणाली. शुद्ध बोलणं तेवढ्यावरच संपलं.

आता कोणीतरी प्रार्थना उचलायला हवी होती. पहिली ओळ घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने म्हणायची, बाकीच्यांनी साथ द्यायची, असं ठरलेलं. फेलिसिदादने दिराकडे पाहिलं. तो गप्प राहिला असता तर लादीन तिथेच मोडली असती, आणि हेतूही. पुढच्या खुर्चीतली म्हापशाची बाई त्याच्याकडेच बघत होती. कॉन्स्टान्सियोने डोक्यावरची टोपी काढली, घसा साफ केला आणि "सांता मारिया" म्हटलं, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. व्हायोलिन धावत येऊन मिळालं. वाडीने "ओरा प्रो नोबिस", आमच्यासाठी प्रार्थना कर, हे उचललं.

*

चणे खारट झाले होते आणि कोणी तसं म्हणालं नाही. फक्त म्हापशाच्या बाईने पाणी मागून घेतलं, आणि पाणी द्यायला गेलेल्या फेलिसिदादचा हात धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. त्यांच्या गल्लीतही अशी दोन घरं आहेत, ती म्हणाली. नावं नाही सांगितली.

कॉन्स्टान्सियो डॉक्टरांना ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन बसला होता. कंपनी यायला किती मागणी लागते, हे त्याला नेमकं हवं होतं. डॉक्टर म्हणाल्या की एका तालुक्याने भागणार नाही. किनाऱ्यावरच्या सगळ्या तालुक्यांनी मागितलं, शेजारचा जिल्हा आला, तर वरच्यांना ते बाजूला ठेवता येणार नाही. बाकीचे अधीक्षक त्यांच्या ओळखीचे होते. सगळ्यांची अडचण एकच, रुग्ण दाखवा.

"सोमवारी माझी मागणी जाईल," त्या म्हणाल्या. "शून्य जाणार नाही, एवढं मी सांगते. मंजूर होईलच असं नाही सांगत."

"नाय झाली तर?"

"तर पुढच्या वर्षी मोठी पाठवायची."

हे उत्तर त्याला आवडलं. बर्फाच्या वेळी तोही असंच बोलला होता. त्याने फोन काढला आणि रेडीच्या सोसायटीचा चेअरमन लवू याला लावला. "लवू, एक घेवचां आसा वांगडान. नाय रे, बर्फ न्हय. तुझ्या बंदराकडे पोरां कशान मरतत ता माका खरां सांग." पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग लवू बोलायला लागला, आणि कॉन्स्टान्सियो ऐकत ऐकत ओसरीवरून येरझाऱ्या घालू लागला. बोलण्याच्या नादात तो त्या बाकड्यावर बसला, आणि बसलेलाच राहिला.

डॉक्टरांनी सोबत दोन ॲम्प्युल आणले होते, स्वतः विकत घेतलेले. ज्यांच्या घरात धोका आहे त्यांना त्या चिठ्ठी लिहून ते देणार होत्या, पण शिकल्याशिवाय नाही. बायका स्वयंपाकघरात जमल्या. सिरिंजमध्ये पाणी भरून एका मोसंब्यात टोचायचं होतं. ॲश्लिन मोठ्याने क्रम सांगत होती. आधी हाक मारा, छातीच्या हाडावर बोटांची पेरं घासा, मान मागे करून श्वास बघा. एकशे आठला फोन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई, कपड्यावरून चालते. मग कुशीवर वळवा आणि सोडून जाऊ नका, कारण औषधाचा असर उतरतो आणि नशा राहिलेली असते. हॉस्पिटलात न्यायलाच हवं.

सुगंधाला पहिल्या खेपेला जमलं. फेलिसिदादला जमेना. सुई मोसंब्याच्या सालीवरून घसरत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की ॲश्लिन क्रम सांगता सांगता मध्येच थांबली.

दारात कॉनरॅड उभा होता. किती वेळ, कोणाला माहीत नव्हतं. तो आत आला, त्याने जमिनीवरची सुपं आणि टोपलं बाजूला सारलं आणि आईसमोर उताणा झोपला.

"मोसंब्याक मान खंय आसा, मम्मी?" तो म्हणाला. "माझ्यार शिक. सुई सोडून."

मग डॉक्टर खाली बसल्या आणि फेलिसिदादला गुडघ्यावर बसायला सांगितलं. फेलिसिदादने मुलाला हाक मारली. त्याने ठरल्याप्रमाणे ओ दिली नाही. तिने त्याच्या छातीवर पेरं घासली, चांगली जोरात, त्याच्या कपाळाला आठी पडली. मान मागे केली. सुईऐवजी बोट त्याच्या मांडीवर दाबलं, जागा बरोबर होती. मग एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवून त्याला आपल्याकडे कुशीवर वळवलं. डॉक्टर म्हणाल्या, छान, आता श्वास बघा.

तिने तळहात त्याच्या तोंडापुढे धरला. बायकांनी पदर सावरले, सुगंधा मोसंबं सोलायला लागली, ॲश्लिनने सिरिंज टोपण लावून बाजूला ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं की झालं, जमलं तुम्हाला.

"झालां मम्मी," कॉनरॅड डोळे न उघडता म्हणाला. "उठां?"

"गप रव," फेलिसिदाद म्हणाली. "मोजतंय मी."